नवीन नंबर एक आणला, पण सुरुवात सापडेना! (रीलाँच झालेली कॉमिक्स : पुढे काय वाचू?)

जीरावन_मारके (इंदूर)
शनिवार, रात्री ११:४०

मंडळी एक मदत हवीय. भाचा आलाय सुट्टीला, तेरावं वर्ष चालू आहे, पिक्चर सगळे पाठ, कोणी कोणाला कुठल्या पिक्चरमध्ये मारलं ते झोपेतून उठवून विचारा सांगेल, पण कॉमिक आयुष्यात एक वाचलेलं नाही. मी म्हटलं चल भिया, मामा एके काळी नागराजच्या मागे वेडा होता, मामा घेऊन देतो. दुकानात गेलो, त्याने एक अंक उचलला, वर मोठ्ठा १ छापलेला, चकचकीत कव्हर. मी पण बोललो घे घे, नंबर एक आहे म्हणजे पहिल्यापासूनच असणार ना.

घरी येऊन दोघांनी उघडला तर दुसऱ्याच पानावर मयत. वीस-पंचवीस लोक पावसात उभे, एक बाई ढसाढसा रडतेय, आणि आम्हाला ना मेलेला माहीत ना रडणारी. भाचा विचारतो मामा हे कोण? मी म्हटलं शेजारी असतील.

पुढे तर काहीच समजून नाही राहिलं. दर चार पानांनी खाली बारीक अक्षरात चौकट, अमुक अंक बघा. अरे अमुक अंक कुठून बघू, मी तर नंबर एक आणलाय! पोरगं अर्ध्यात ठेवून मोबाईल घेऊन बसलं. इज्जतीचा सवाल आहे, तर सांगा : (१) नंबर एक म्हणजे एक का नसतो (२) तेरा वर्षाच्या पोराला आणि एकेचाळीस वर्षाच्या मामाला दोघांना चालेल असं काय आहे.

घुबड_सराफ्यातलं (इंदूर)
शनिवार, रात्री ११:५८

शेजारी असतील, हाहाहा. सराफ्यात गराडू खाताना वाचलं, ठसका लागला.

भिया हा घोळ सगळ्यांचाच होतो. दोन शब्द वेगळे ठेव. रीलाँच म्हणजे नुसतं मीटर शून्यावर आणलं, रिक्षा तीच, ड्रायव्हर कधी तोच कधी नवा, आणि मागच्या सीटवर रडत बसलेले लोक तेच. रीबूट म्हणजे गोष्टच पुसून पहिल्यापासून. कव्हरवर दोन्हीचा नंबर एकच दिसतो, तिथेच माणूस फसतो.

आणि कधीकधी कंपनीचंच ठरलेलं नसतं की आपण काय करून राहिलोय. डीसीने, म्हणजे बॅटमॅन-सुपरमॅनवाल्या कंपनीने, २०११ च्या सप्टेंबरात ५२ सीरीज एकदम नंबर एकपासून काढल्या, न्यू ५२ म्हणतात. त्याच्या आधी फ्लॅशपॉइंट नावाची गोष्ट झाली, त्यात फ्लॅश भूतकाळात जाऊन आपल्या आईला वाचवतो आणि त्यापायी सगळ्या जगाची घडी विस्कटते, ती परत घालता घालता नवीनच जग तयार होतं. म्हणजे रीबूट. पण बॅटमॅन आणि ग्रीन लँटर्न त्या वेळी जोरात चालू होते, त्यांचा इतिहास पुसायचा जीव होईना, तो बराचसा ठेवला. मग हिशोब असा झाला की बॅटमॅनला काम सुरू करून पाचेक वर्षं, आणि तेवढ्यात चार रॉबिन, म्हणजे त्याचे साथीदार पोरं, होऊन गेले, वर दहा वर्षांचा पोरगा! आमच्या चाळीत असं झालं असतं तर बायकांनी नळावर बोटं मोडून हिशोब काढला असता.

अजून एक गंमत. ॲक्शन कॉमिक्स, १९३८ चं, सुपरमॅन पहिल्यांदा जिथे आला ते. ते २०११ मध्ये ९०४ वर थांबवलं आणि परत एकपासून सुरू केलं. ५२ अंक झाले. मग २०१६ ला रीबर्थ नावाने डीसीचं पुढचं रीलाँच आलं, तेव्हा ह्यांना आठवलं की अरे हजारावा अंक जवळ आलाय. ९०४ अधिक ५२ केले आणि पुढचा अंक डायरेक्ट ९५७! २०१८ मध्ये हजारावा वाजतगाजत काढला.

लष्करवाला (ग्वाल्हेर)
रविवार, रात्री १२:१५

मार्व्हलचं तर विचारूच नका. अमेझिंग स्पायडर-मॅनचा नंबर एक १९६३ चा, ठीक. १९९९ ला परत नंबर एक. २००३ मध्ये अचानक जुने-नवे जोडून ५००. ७०० झाले २०१२ च्या शेवटी. मग २०१४ ला एक, २०१५ ला एक, २०१८ ला एक, २०२२ ला एक, २०२५ ला एक. आमच्या बाड्यावर एक कापडवाला आहे, दर दिवाळीला भव्य शुभारंभची झालर लावतो, आत गेलं की तेच गिऱ्हाईक तोच माल आणि गल्ल्यावर तोच म्हातारा.

कारण पैसा, दुसरं काय. नंबर एक जास्त विकला जातो, ४३७ बघून नवीन माणूस घाबरतो. आणि एकाच अंकाची दहा-दहा कव्हरं काढायची, शौकीन लोक सगळी घेतात.

कटिंग_चहा
रविवार, सकाळी ८:०२

पिक्चर बघा ना. वाचायचं कशाला एवढं.

मेघा_राजेंद्रनगर (इंदूर)
रविवार, सकाळी ९:३०

कटिंग, तुम्ही चहा घ्या.

जीरावनदादा, तुम्ही नंबर बघताय तिथेच चुकताय. नंबर नका बघू, लेखक आणि चित्रकार कोण ते बघा. सुपरहिरो कॉमिक हे आपल्या गावच्या रामलीलेसारखं आहे, गोष्ट सगळ्यांना माहीत, ह्या वर्षी रावण कोण करतंय त्यावर गर्दी. एक लेखक येतो, दोन-चार वर्षं त्या हिरोला सांभाळतो, आपली एक गोष्ट पूर्ण सांगतो आणि जातो. इंग्रजीत त्याला रन म्हणतात. ती रन पहिल्यापासून धरायची आणि तो लेखक गेला की सोडून द्यायची, पुढचं वाचलंच पाहिजे अशी कोणाची शपथ नाहीये. मी आधी हट्टाने सगळं क्रमाने वाचायला गेले होते, फाईल बनवलेली, एक्सेलची! तीन महिन्यांत कंटाळून बंद. मग एका मैत्रिणीने हॉकआय दिलं.

हॉकआय, २०१२ चं, लेखक मॅट फ्रॅक्शन, चित्रं डेव्हिड आहा. २२ अंक, विषय संपला. हा तोच पिक्चरमधला धनुष्यवाला, पण इथे तो अव्हेंजर्सच्या कामावर नसतो तेव्हा काय करतो ते आहे. भाड्याच्या बिल्डिंगमध्ये राहतो, अंगभर पट्ट्या लावलेल्या, गच्चीवर शेजाऱ्यांबरोबर शेगडी पेटवून खातो-पितो, आणि त्या बिल्डिंगवर गुंडांचा डोळा. त्यातला ११ वा अंक पूर्ण त्याच्या कुत्र्याच्या नजरेने आहे. कुत्र्याला माणसांचं बोलणं समजत नाही ना, म्हणून फुग्यांमध्ये नुसत्या रेघोट्या, मध्येच एखादा ओळखीचा शब्द. आणि प्रत्येक माणसाभोवती छोट्या छोट्या चित्रांचं जाळं : ह्याला कॉफीचा वास, त्याला कसला वास, हा काल त्या मजल्यावर होता. कुत्रा वासावरून खुनाचा तपास लावतो. मी तो अंक चार वेळा वाचला, दर वेळी एखादा नवीन वास सापडतो.

तेरा वर्षाच्या पोराला ते अंक जपून द्या, मारामारी आहे थोडी, ११ वा चालेल. त्याच्यासाठी मिस मार्व्हल बघा, २०१४ चं, जी. विलो विल्सनने लिहिलेलं. जर्सी सिटीतली कमला खान, घरचे पाकिस्तानहून आलेले, आईबापाचा धाक, मैत्रिणींकडे पार्टीला जायची परवानगी नाही, आणि अचानक अंगात शक्ती. घरात बोलणी खाण्याचे जे सीन आहेत ते आपल्याकडे राजेंद्रनगरात घडले असते तरी चाललं असतं.

नागमणी_८६ (इंदूर)
रविवार, सकाळी १०:११

मला एक कळून नाही राहिलं, इंदूरचा माणूस, भाचा घरी आलेला, आणि तुम्ही त्याला जर्सी सिटी दाखवून राहिलात. ध्रुव द्या ना त्याला! सुपर कमांडो ध्रुव, १९८७, अनुपम सिन्हांचा. अंगात एक शक्ती नाही, सर्कशीत वाढलेला पोरगा, डोकं आणि मोटरसायकल, प्राणीपक्ष्यांशी बोलतो बस्स. पहिलं कॉमिक प्रतिशोध की ज्वाला, तिथून सुरू, कुठला आधीचा अंक बघा नाही, काही नाही. तुमच्या बॅटमॅनला बापाची इस्टेट लागते.

आणि मराठी लोकांनी तर नागराज वाचायलाच पाहिजे. १९८६ चा पहिला नागराज काढला कोणी? प्रताप मुळीक! आपला मराठी माणूस, अमर चित्र कथेतले कितीतरी राजे-महाराजे त्यांच्याच हातचे. म्हणून तर जुन्या नागराजची छाती शिवाजी महाराजांच्या मावळ्यासारखी आहे, नीट बघा कधी.

लष्करवाला (ग्वाल्हेर)
रविवार, सकाळी १०:२०

नागमणीजी प्रेम समजतं, पण नागराज-ध्रुव छापणाऱ्या राज कॉमिक्सवाल्यांकडे पण कमी गोंधळ नाही. विश्वरक्षक नागराज वेगळा, आतंकहर्ता नागराज वेगळा, नरक नाशक नागराज वेगळा. तीन नागराज! पोराला कुठला देणार?

नागमणी_८६ (इंदूर)
रविवार, सकाळी १०:२६

तिन्ही देणार.

बरं गंमत सोडा, बरोबर आहे तुमचं. त्यात आता जुनी राज कॉमिक्स तीन भावांच्या तीन नावांनी छापून येतात, संजय गुप्ता, मनोज गुप्ता, मनीष गुप्ता. मी उत्साहात ऑर्डर करत गेलो आणि एकच गोष्ट दोनदा आली घरी, एकदा सुटी आणि एकदा जाड संग्रहात. चूक माझीच, नाव न वाचता कव्हर बघून घेतलं. बायको बोलली दोन्हीत साप वेगळा आहे का? मी गप.

नवीन माणसाला नागायण सांगेन मी. आठ भाग, भविष्यकाळातलं रामायण, नागराज आणि ध्रुव दोघं आहेत. सुरुवात आहे, शेवट आहे. शेवटचं इति काण्ड वाचून झाल्यावर मी गच्चीत जाऊन बसलेलो अर्धा तास.

आणि डोगा. मुंबईचा. कचरापेटीत सापडलेलं पोर, डाकू हलकानसिंहने वाढवलेलं, मग अदरक चाचाच्या जिममध्ये तयार झालेला. बाकीचे तीन चाचा हल्दी, धनिया आणि काली मिर्ची. अख्खा मसाल्याचा डबा आहे.

लष्करवाला (ग्वाल्हेर)
रविवार, सकाळी १०:३१

डाकूचं नाव निघालं की सगळे ग्वाल्हेरकडे बघतात. बघू नका.

जीरावन_मारके (इंदूर)
रविवार, दुपारी १:४५

पोहे खाऊन, झोपून, उठून वाचतोय सगळं. मेघाताई रामलीलेचं एकदम डोक्यात बसलं. नागमणी भिया, ध्रुव माझा पण जीव की प्राण, पण भाचा इंग्रजी शाळेतला, हिंदीचं एक पान वाचून जांभई देतो. मराठी पण मोबाईलवरचीच. त्याला बॅटमॅन पाहिजे, बस्स बॅटमॅन. कुठला बॅटमॅन धरू? घुबडराव तुमच्या नावावरून वाटतं तुम्हीच सांगाल.

घुबड_सराफ्यातलं (इंदूर)
रविवार, दुपारी २:३०

वाटच बघून राहिलो होतो!

त्या न्यू ५२ च्या घोळातली एक चीज सोन्यासारखी. बॅटमॅन, २०११ पासून, लेखक स्कॉट स्नायडर, चित्रकार ग्रेग कपुलो. जोडी जवळजवळ पाच वर्षं टिकली, ह्या धंद्यात हे फार झालं. पहिली मोठी गोष्ट कोर्ट ऑफ आउल्स. बॅटमॅनला वाटतं गॉथम म्हणजे आपलं गाव, प्रत्येक गल्ली आपल्याला माहीत. आणि कळतं की शेकडो वर्षं ह्या गावात श्रीमंत घराण्यांची एक टोळी घुबडाचे मुखवटे घालून राज्य करतेय, आपल्या वाड्याच्या भिंतीत, आपल्या आजोबा-पणजोबांच्या बिल्डिंगांमध्ये त्यांचे अड्डे. घुबड वटवाघळाला खातं, हे पण त्यात आहे. मागचं काही माहीत नसलं तरी चालतं कारण बॅटमॅनलाच माहीत नसतं.

पाचवा अंक खास. टोळीवाले त्याला जमिनीखालच्या पांढऱ्याशुभ्र भुलभुलैयात सोडतात, दिवस उलटतात, पाणी बिघडलेलं, डोकं फिरायला लागतं. आणि पानं पण फिरायला लागतात. आधी पुस्तक आडवं धरावं लागतं, मग पूर्ण उलटं, मग तुम्हालाच समजत नाही की पान कुठल्या बाजूने उलटायचं. मी इंदूर-पुणे गाडीत खालच्या बर्थवर वाचत होतो. समोर एक काकू, दहा मिनिटं माझ्याकडे बघून राहिल्या, शेवटी न राहवून बोलल्या, बाळा पुस्तक उलटं धरलंयस. मी म्हटलं हो काकू, तसंच आहे. त्यांनी पर्स उचलून मांडीवर घेतली आणि उज्जैन यायच्या आत जागा बदलली.

मेघा_राजेंद्रनगर (इंदूर)
रविवार, दुपारी २:४१

कोर्ट ऑफ आउल्सला माझं पण मत. आणि डीसीने २०२४ पासून छोट्या आकाराची स्वस्त पुस्तकं काढायला सुरुवात केलीय, कॉम्पॅक्ट कॉमिक्स, साध्या कादंबरीएवढी, त्यात हे आहे. पोराच्या दप्तरात मावतं. चित्रं बारीक होतात तेवढं एक, मामाला चष्मा लागेल.

दांडियाबाजार_काका (बडोदा)
रविवार, संध्याकाळी ६:१०

मुलांनो, मला ह्यातलं नवीन काही कळत नाही, नातवाने ही चर्चा दाखवली म्हणून लिहितो. तुम्ही सगळे रीलाँच रीलाँच करताय ते वाचून हसू आलं, कारण आमच्या वेळचा हिरो रीलाँचवरच जगत होता. वेताळ! फँटम म्हणतात तो. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ला सुरू झालं, टाइम्सवाल्यांचं, मराठीतूनही यायचं. त्याची गोष्टच अशी की १५३६ पासून बाप मेला की मुलगा तेच कपडे, तोच मुखवटा, तीच कवटीची अंगठी चढवून खुर्चीवर बसतो, आणि जंगलातले लोक समजतात हा एकच माणूस चारशे वर्षं जगतोय. आपण वाचायचो तो एकविसावा. म्हणजे एकवीस वेळा नंबर एक, आणि कव्हर एकदाही बदललं नाही! शिका म्हणावं त्यांना.

आठवण सांगतो. वेताळाने कोणाला ठोसा मारला की त्या माणसाच्या जबड्यावर अंगठीतल्या कवटीची खूण उठते, कायमची. माझ्या मोठ्या भावाने एकदा अर्धा बटाटा घेतला, चाकूने त्यात कवटी कोरली, डोळ्यांची भोकं खिळ्याने पाडली, दौतीतल्या निळ्या शाईत बुडवली आणि मी झोपलेलो असताना माझ्या गालावर दाबली. सकाळी वार्षिक परीक्षा, भूगोलाचा पेपर. आईने साबण लावला, चिंच लावली, शेवटी रॉकेल लावलं. गाल लाल झाला आणि त्याच्यावर निळी कवटी जास्तच उठून दिसायला लागली. मास्तरांनी पेपर देताना काही विचारलं नाही, फक्त हळूच म्हणाले, कोणाला त्रास दिला होतास? म्हणजे ते पण वाचत होते.

पुढे १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, आपल्याच मातीतला, डाकूंशी लढणारा, तोही आवडायचा. १९९० ला इंद्रजाल बंद झालं. माझ्याकडे ट्रंकभर होती, वाळवीने आणि भावाच्या मुलांनी मिळून संपवली.

एक शंका आहे. नातू म्हणतो हल्ली एक गरीब बॅटमॅन आलाय. हे काय प्रकरण? पैसे नसतील तर ती गाडी कुठून आणतो?

लष्करवाला (ग्वाल्हेर)
रविवार, संध्याकाळी ६:२२

काका, "म्हणजे ते पण वाचत होते". ह्या धाग्यातली बेस्ट ओळ. पाया पडतो.

घुबड_सराफ्यातलं (इंदूर)
रविवार, संध्याकाळी ७:०५

काका नमस्कार. ते ॲब्सोल्यूट बॅटमॅन, २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झालं. परत स्कॉट स्नायडरच, चित्रं निक ड्रॅगोटा. हे खरंखुरं पहिल्यापासून, वेगळं जग, जुनं काही म्हणजे काही माहीत नको. ह्यात ब्रूस वेन कामगार वस्तीतला, बाप शाळेत शिकवायचा, तो मारला जातो पण आई जिवंत आहे. वाडा नाही, नोकर नाही. आल्फ्रेड आहे, पण तो चहा देणारा नाही, ब्रिटिश हेर आहे आणि आधी ह्याच्यावरच नजर ठेवायला आलेला. आणि जे पुढे एरवी त्याचे दुश्मन असतात, पेंग्विन, रिडलर, किलर क्रॉक, ते इथे त्याचे लहानपणचे दोस्त, एका कट्ट्यावरचे. हे मला सगळ्यात आवडलं. कारण आपल्याला माहीत असतं त्या नावांचं पुढे काय होतं, त्याला माहीत नसतं, आणि तो त्यांच्याबरोबर पत्ते कुटत बसलेला.

गाडीचं म्हणाल तर तो सिव्हिल इंजिनियर आहे, हाताने बनवतो. बॅटमोबील म्हणजे राक्षसी डंपर. आपल्या नगर निगमच्या कचरागाडीचा थोरला भाऊ, फक्त गाणं वाजत नाही. आणि छातीवरचं वटवाघूळ निघतं, काढलं की कुऱ्हाडीचं पातं.

जीरावन भिया, मोठा झाल्यावर दे हां त्याला, रक्त बरंच आहे. तू वाच आधी.

मेघा_राजेंद्रनगर (इंदूर)
रविवार, रात्री ८:१५

त्याच लाइनमध्ये ॲब्सोल्यूट वंडर वुमन पण आहे, केली थॉम्पसन आणि हेडन शर्मन, त्याबद्दल कोणी बोलतच नाही, सगळे बॅटमॅन बॅटमॅन. ह्यात डायनाला लहानपणीच नरकात टाकतात आणि सर्सी नावाची जादूगारीण तिला वाढवते. म्हणजे सावत्र म्हणा, पाळणारी म्हणा, पण आई. नरकात वाढलेली पोरगी इतकी मायाळू कशी, हीच सगळी गोष्ट आहे. घोडा पण हाडांचा. मला विचाराल तर बॅटमॅनपेक्षा हेच भारी, भांडायचं असेल तर या.

मार्व्हलमध्ये तसंच २०२४ चं अल्टिमेट स्पायडर-मॅन, जोनाथन हिकमन आणि मार्को केकेट्टो. इथे पीटरला कोळी चावतो तोच मुळी लग्न होऊन, दोन पोरं झाल्यावर, दाढी वाढवलेल्या बापाला! काका बेन जिवंत. ते जीरावनदादांसाठी. चाळिशीत गुडघे वाजत असताना भिंतीवर चढायचं कसं ते समजेल.

जीरावन_मारके (इंदूर)
रविवार, रात्री ८:२०

ताई गुडघ्यांपर्यंत यायची गरज नव्हती.

लष्करवाला (ग्वाल्हेर)
रविवार, रात्री ९:०१

सगळ्यांनी आपापलं सांगितलं तर माझं पण एक, इमॉर्टल हल्क, २०१८ ते २०२१, अल युइंग, बरोबर ५० अंक. बॅनर, म्हणजे ज्याचा हल्क होतो तो माणूस, दिवसा मरतो, रात्री हल्क उठतो. रात्री एकट्याने वाचू नका. पोराला अजिबात नको, बाटलीतला हात बघून तो जेवणार नाही.

पोरासाठी सांगतो ते हे घ्या : सुपर सन्स, २०१७, पीटर टोमासी. बॅटमॅनचा पोरगा डेमियन आणि सुपरमॅनचा पोरगा जॉन. एक चढेल, एक साधा, दोघं घरी खोटं बोलून बाहेर पडतात आणि दर वेळी पकडले जातात. माझी दोन्ही पोरं त्यावर तुटून पडतात, मी डेमियन मी डेमियन म्हणून. जॉन कोणालाच व्हायचं नसतं. ते आवडलं तर त्याच टोमासीचं २०१६ चं रीबर्थमधलं सुपरमॅन, शेतावरचं घर, बायको लोइस, पोरगा.

नागमणी_८६ (इंदूर)
रविवार, रात्री ९:४०

ठीक आहे, इंग्रजी तर इंग्रजी. पण मग स्पायडर-मॅन इंडिया तरी दाखवा त्याला. २००४ चं, चार अंक, जीवन कांगची चित्रं, मुंबईचा पवित्र प्रभाकर, धोतर नेसून उडतो. २०२३ च्या ॲनिमेशन पिक्चरमध्ये तो आला तेव्हा सगळ्या पोरांना वाटलं नवीन आहे. मी २००४ पासून ओळखतो त्याला. गोष्ट फार भारी नाही, खरं सांगतो, पण भीम काका आणि माया काकू ही नावं वाचून बरं वाटतं.

आणि नवीन पुस्तकं महाग पडत असतील तर खजुरी बाजारात जुन्या पुस्तकवाल्यांकडे चक्कर मार. वरचे गठ्ठे गाईड आणि कुंजीचे असतात, खाली हात घालायचा. मला एकदा आठवीच्या गणिताच्या मध्ये ध्रुवचा ग्रैंड मास्टर रोबो सापडला, कोणीतरी वर्गात लपवून वाचताना तसाच विकून टाकलेला. आतल्या पानावर पेन्सिलने लिहिलं होतं, परत कर नाही तर सरांना सांगीन.

जीरावन_मारके (इंदूर)
तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री १०:५०

मंडळी हजेरी लावतो. भाचा काल गेला.

कोर्ट ऑफ आउल्स आणलं, छोटं वालं. पाचव्या अंकाला पोरगं पुस्तक घेऊन पलंगावर गोल फिरून राहिलं होतं, पुस्तक फिरवायच्या ऐवजी स्वतःच. दोन दिवसात खलास. मग सुपर सन्स. लष्करवाले, तुमच्या पोरांना सांगा, आमच्याकडे एक जॉन मिळालाय. तो बोलला डेमियन घरी आला तर आजी त्याला दोन दिवसात सरळ करेल.

मिस मार्व्हल पहिली दहा पानं वाचून ठेवलं, मग रात्री दीडला दिवा चालू दिसला. सकाळी विचारलं तर बोलला ठीक आहे. ठीक आहे म्हणजे आवडलं, आम्ही पण असेच होतो.

मी ॲब्सोल्यूट बॅटमॅन वाचून राहिलोय. घुबडराव तो कट्टा. आमच्या रामबागेत असाच एक कट्टा होता, सहा जण, त्यातले दोघं आता एकमेकांशी बोलत नाहीत. ते पत्ते खेळायचं पान आलं की मी पुढे जाऊच नाही शकत.

पण खरी बातमी वेगळी. मेघाताई, हॉकआयचं पुस्तक टेबलावर पडलं होतं, अकराव्या अंकावर उघडं. आई दुपारी चष्मा लावून बसली. तिला इंग्रजी येत नाही. मला वाटलं चित्रं चाळतेय. अर्ध्या तासाने बघतो तर बोट ठेवून एकेक चौकट बघून राहिलीय, त्या वासांच्या जाळ्यावर बोट फिरवून, हा इथे होता, मग इकडे आला, आणि हा खोटं बोलतोय बघ, ह्याला त्या बाईचा वास येतोय. सगळं बरोबर! मी वाचताना मला ते दोनदा मागे जाऊन बघावं लागलं होतं.

मेघा_राजेंद्रनगर (इंदूर)
शनिवार, रात्री ११:०२

दादा मला रडवाल. काकूंना शेवट कसा वाटला? कुत्रा जातो ते?

लष्करवाला (ग्वाल्हेर)
शनिवार, रात्री ११:०४

स्पॉयलर!! मी अजून वाचलेलं नाही!

जीरावन_मारके (इंदूर)
शनिवार, रात्री ११:१०

२०१२ चं आहे लष्करवाले, आता काय स्पॉयलर. आई बोलली, गेला ते बरोबर केलं त्याने, हा माणूस त्याला वेळेवर खायला घालत नव्हता. आणि मग विचारलं, त्या पोरीबरोबर कुठे गेला? पुढचा भाग आण.

नागमणी भिया, पुढच्या शनिवारी खजुरी बाजार, दहा वाजता? आधी पोहे. आईला ध्रुव पण देऊन बघतो, तिथे प्राणी बोलतात म्हटल्यावर तयार झालीय.

नागमणी_८६ (इंदूर)
शनिवार, रात्री ११:१२

साडेनऊला ये. दहाला चांगले गठ्ठे उचललेले असतात.